पक्षनिष्ठा आणि विवेक : १९९३ सालच्या एका मतदानाची हकीकत

सिंदखेडराजास जाणारा प्रत्येक मनुष्य जिजाऊसाहेबांच्या जन्मस्थानापुढे मस्तक नमवितो. परंतु त्याच गावी असलेल्या लखुजीराव जाधवांच्या समाधीपाशी थांबून विचार करणारे थोडेच. निजामशाहीचे हे मातबर सरदार एकदा मोगलांकडे गेले, पुन्हा निजामशाहीत परतले, आणि १६२९ साली दौलताबादेस दरबारात पुत्रांसह दग्याने मारले गेले. त्या काळी निष्ठेचा अर्थ सरळ होता. ज्याचे मीठ खावे त्याची चाकरी करावी. धनी बदलला की निष्ठेचे ठिकाणही बदले, आणि धन्याच्या मनात किंतु आला की मान जाई.

आजच्या लोकप्रतिनिधीने खाल्लेले मीठ कोणाचे म्हणावे? उमेदवारी देणाऱ्या पक्षाचे, मत देणाऱ्या जनतेचे, की ज्या राज्यघटनेची त्याने शपथ घेतली तिचे? या तिघांचे म्हणणे एक असते तोवर हा प्रश्न उद्भवत नाही. ते वेगळे पडले म्हणजे काय होते हे दाखविणारा एक प्रसंग ११ मे १९९३ रोजी लोकसभेत घडला. स्मरणिकेत इतिहासाचे पान म्हणजे बहुधा लढायांचे अथवा वंशावळीचे पान, असा आपला समज असतो. प्रस्तुत लेखात तलवार नाही. केवळ मतांची मोजणी आहे. तरीही ती आपल्या जिल्ह्याच्या आणि आपल्या समाजाच्या इतिहासाशी निगडित आहे, असे या लेखकास वाटते.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. 'महाभियोग' हा शब्द आपल्या राज्यघटनेत राष्ट्रपतींसंबंधीच्या ६१ व्या अनुच्छेदात येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशास पदावरून दूर करण्याची तरतूद १२४ व्या अनुच्छेदाच्या चौथ्या खंडात आहे, आणि तेथे हा शब्द नाही. परंतु लोकव्यवहारात दोहोंसही महाभियोगच म्हणतात, आणि आपणही तसेच म्हणू. न्यायाधीशाचे गैरवर्तन किंवा अक्षमता सिद्ध झाल्यावर लोकसभा व राज्यसभा या दोहोंनी एकाच अधिवेशनात ठराव संमत करावा लागतो. ठरावास दोन प्रकारचे बहुमत हवे : हजर राहून मत देणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश, आणि शिवाय सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येपैकी निम्म्याहून अधिक. या दुसऱ्या अटीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. सर्व हकिकतीचे मर्म तीतच आहे.

न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी हे १९८७ ते १९८९ या काळात पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. पुढे ते सर्वोच्च न्यायालयात आले. चंदीगढ येथील सरकारी निवासस्थानासाठी सामानसुमान, गालिचे इत्यादींवर सरकारी पैसा नियमबाह्य रीतीने व उधळपट्टीने खर्च केल्याचे आरोप त्यांजवर झाले. १९९० च्या जुलैत तत्कालीन सरन्यायाधीश सव्यसाची मुखर्जी यांनी, चौकशी पुरी होईपर्यंत त्यांनी न्यायासनावर बसू नये, असा सल्ला त्यांस जाहीरपणे दिला. नवव्या लोकसभेच्या १०८ सदस्यांनी त्यांस दूर करण्याच्या ठरावाची सूचना दिली. तिच्या अग्रभागी आपल्या कोकणचे प्रा. मधू दंडवते होते. सभापती रवि राय यांनी १२ मार्च १९९१ रोजी ती दाखल करून घेऊन त्रिसदस्य समिती नेमली. समितीचे प्रमुख सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती पी. डी. देसाई आणि सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी हे इतर दोघे. सूचना आली तेव्हाची लोकसभा लवकरच विसर्जित झाली. पण ठराव त्यामुळे मरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी दिला. समितीने पुढे अहवाल दिला, त्यात १४ आरोपांपैकी ११ सिद्ध झाल्याचे म्हटले होते.

प्रकरण दहाव्या लोकसभेपुढे आले ते १० मे १९९३ रोजी. सभापतीच्या आसनावर लातूरचे शिवराज पाटील होते. ठराव मांडला मार्क्सवादी पक्षाचे सोमनाथ चटर्जी यांनी. न्यायमूर्तींच्या बाजूने त्यांचे वकील कपिल सिब्बल सभागृहाच्या कठड्याशी उभे राहून कित्येक तास बोलले. स्वतंत्र भारतात असा ठराव प्रथमच मतास येत होता. सभासदांनी त्या दिवशी पंच व्हावयाचे होते. पुरावा ऐकून, पक्ष बाजूस ठेवून, दोषी की निर्दोष एवढेच सांगावयाचे होते.

दुसऱ्या दिवशी मते मोजली गेली. ठरावाच्या बाजूने १९६. विरुद्ध एकही नाही. तटस्थ २०५.

सुज्ञ वाचकांनी हे तीन आकडे पुन्हा एकवार वाचावेत. ज्यांनी मत दिले त्या सर्वांनी न्यायाधीश दोषी असल्याचे सांगितले. निर्दोष म्हणणारा एकही सदस्य त्या सभागृहात निघाला नाही. दोन तृतीयांशांची अट पूर्णपणे पाळली गेली, कारण तटस्थ हे मत देणारे समजले जात नाहीत. पण एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक म्हणजे सुमारे पावणेतीनशे मते पाहिजे होती, आणि तेथे १९६ अपुरी पडली. ठराव बारगळला. २०५ जणांनी 'नाही' असा शब्द न उच्चारता 'नाही' चे सर्व काम केले. त्यांना कोणी विचारिले असते, 'आपण भ्रष्टाचारास पाठीशी घातले काय?' तर ते म्हणू शकत होते, 'छे, आम्ही विरोध केलाच नाही.' आणि कोणी विचारिले असते, 'आपण न्यायाधीशांस दोषी ठरविले काय?' तर तेही खरे नाही असे सांगता येत होते. घटनाकारांनी दुसरी अट घातली ती न्यायाधीशांस राजकीय लाटेपासून वाचविण्यासाठी, आणि तो हेतू योग्यच होता. परंतु त्या अटीच्या आडोशास विवेकाचा प्रश्न टाळून बसण्याची जागा मिळते, हे १९९३ पूर्वी कोणाच्या फारसे ध्यानात आले नसावे.

हे तटस्थ मुख्यत्वे काँग्रेस पक्षाचे आणि त्याच्या मित्रपक्षांचे होते. काँग्रेसने तटस्थ राहावयाचे ठरविले, आणि तिचे सदस्य एकजुटीने तटस्थ राहिले. पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांचे सरकार अल्पमतातले. दक्षिणेकडील खासदारांचा रोष ओढवून घेण्याची त्याची तयारी नव्हती. न्यायमूर्ती तामिळनाडूचे. दक्षिणेच्या माणसास उत्तरेचे लोक बळी देत आहेत, असे काहींनी म्हणावयास आरंभ केला होता. समितीच्या अहवालातील अकरा आरोपांस हे उत्तर नव्हे, हे उघड आहे. परंतु 'आपला माणूस' हा शब्द उच्चारला गेला की अहवाल वाचण्याची गरज कोणास राहत नाही. या मुद्द्याकडे आपण पुढे वळणारच आहोत.

आपल्या वऱ्हाडाचे त्या सभागृहात कोण होते? १९९१ च्या निवडणुकीत महाराष्ट्रातील ४८ जागांपैकी ३८ काँग्रेसने जिंकल्या होत्या. तेव्हा अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या बुलढाणा मतदारसंघातून त्या पक्षाचे मुकुल वासनिक निवडून आले होते. १९८४ साली अवघ्या पंचविसाव्या वर्षी ते प्रथम येथूनच लोकसभेत गेले होते. अमरावतीहून प्रतिभाताई पाटील आल्या होत्या, त्याही काँग्रेसच्याच. पुढे २००७ साली त्या राष्ट्रपती झाल्या, म्हणजे राज्यघटनेने महाभियोग हा शब्द ज्या पदाशी जोडला त्याच पदावर विराजमान झाल्या. अकोल्याहून भारतीय जनता पक्षाचे भाऊसाहेब तथा पांडुरंग फुंडकर निवडून आले होते, ते आपल्या खामगावचे. त्यांच्या पक्षाने ठरावास पाठिंबा दिला. म्हणजे एकाच जिल्ह्याची माणसे पक्षरेषेच्या दोन बाजूंस होती. आणि खरी खेदाची गोष्ट हीच आहे की कोणत्या जागी कोणत्या पक्षाचा माणूस बसला आहे एवढे कळले की त्या दिवशीचा निकाल आधीच लिहिता आला असता. पुराव्याने कोणाचे मत बदलले, असे त्या मोजणीवरून दिसत नाही. ठरावाच्या बाजूच्या पक्षांनाही ही गोष्ट लागू आहे. त्यांची मते योग्य बाजूस पडली, पण तीही गठ्ठ्यानेच पडली. प्रा. दंडवते १९९१ च्या निवडणुकीत पराभूत झाले असल्याने त्या दिवशी सभागृहात नव्हते.

वऱ्हाडास हा पेच नवा नव्हता. १९२५ साली अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी स्वराज्य पक्षात असूनही मध्यप्रांताच्या सरकारातील कार्यकारी मंडळाचे सदस्यत्व स्वीकारले, तेव्हा पंडित मोतीलाल नेहरू संतापले. उलट केळकर, जयकर प्रभृतींनी तांब्यांची बाजू घेतली आणि त्यातून प्रतियोगी सहकारितेचा पक्ष निघाला. १९३८ च्या जुलैत नागपूरचे मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे यांनी राजीनामा दिला; त्यांच्याबरोबर वऱ्हाडचे मंत्री रामराव देशमुख आणि पु. ब. गोळे यांनीही दिला. महाकोशलच्या तिघा मंत्र्यांनी मात्र पक्षश्रेष्ठींच्या आज्ञेशिवाय राजीनामा देण्याचे नाकारले. डॉ. खऱ्यांनी नवे मंत्रिमंडळ बनविले, त्यात दलित समाजातील अग्निभोज यांस घेतले. पण वर्किंग कमिटीने त्यांस काही दिवसांतच पायउतार व्हावयास लाविले. यात सर्व न्याय खऱ्यांच्याच पदरी होता असे नाही. परंतु प्रांताच्या मुख्यमंत्र्याने जबाब द्यावयाचा तो विधानसभेस की पक्षश्रेष्ठींस, हा प्रश्न नागपुरात त्या वेळी उघड्यावर आला आणि पक्षश्रेष्ठींस, असे त्याचे उत्तर मिळाले. वणीचे लोकनायक बापूजी अणे यांचे उदाहरण याहून निर्मळ वाटते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली होती. पण १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी सरकार त्यांस सोडीत नाही असे दिसताच त्यांनी, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांनी राजीनामे दिले. तटस्थ राहण्याची सोय तेथेही होती.

महाभियोगाच्या प्रसंगी विवेकाचे मत म्हटले की अमेरिकेच्या १८६८ सालच्या प्रकरणाचा दाखला देतात. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांजवर खटला चालला. सिनेटात ५४ सदस्य, दोषी ठरविण्यास ३६ मते हवी. १६ मे रोजी ३५ मते 'दोषी' पडली आणि १९ 'निर्दोष'. एका मताने जॉन्सन वाचले. 'निर्दोष' म्हणणाऱ्यांत सात जण विरोधी रिपब्लिकन पक्षाचे होते. त्यांतील आयोवाचे ग्राइम्स पक्षाघाताने आजारी असता मतासाठी सभागृहात आणले गेले होते, आणि कॅन्ससचे एडमंड रॉस पुन्हा कधी सिनेटात निवडून आले नाहीत. या सातांची थोरवी पुष्कळ गायिली गेली आहे. परंतु आपण ती ऐकताना जरा सावध असावे. जॉन्सन हे नुकत्याच दास्यमुक्त झालेल्या काळ्या लोकांच्या हक्कांच्या आड येणारे राष्ट्राध्यक्ष होते, आणि ते पदावर राहिले याची किंमत त्या गरीब लोकांनी मोजली. रॉस यांच्या हेतूंविषयीही इतिहासकारांनी शंका काढल्या आहेत. पाचच वर्षांनी, १८७३ साली, महात्मा जोतीराव फुल्यांनी आपली 'गुलामगिरी' अमेरिकेतील दास्यविमोचनासाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केली. जॉन्सन वाचले म्हणून त्या लोकांपैकी कित्येकांस अत्यंत विषाद वाटला होता. तात्पर्य, स्वतःच्या मताने दिलेले मत बरोबरच असते असे नाही. पण त्या सातांविषयी एवढे तरी म्हणता येते की त्यांनी उभे राहून शब्द उच्चारला, तो त्यांच्या नावावर लागला, आणि आज दीडशे वर्षांनीही त्यांस त्याचा जाब विचारता येतो.

आपल्याकडे 'अंतरात्म्याचा आवाज' हा शब्दच मलिन झाला आहे. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत इंदिरा गांधींनी स्वपक्षाचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी यांजविरुद्ध मतस्वातंत्र्याची भाषा केली, आणि व्ही. व्ही. गिरी निवडून आले. रेड्डींच्या नावास पक्षाच्या संसदीय मंडळात पाठिंबा देणारे यशवंतराव चव्हाण पुढे पक्ष फुटल्यावर इंदिराबाईंबरोबर राहिले. पुढे १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. पक्षादेशाविरुद्ध मत देणाराच नव्हे, तर पक्षादेश असता मत न देणाराही त्यान्वये सदस्यत्व गमावू शकतो. घाऊक पक्षांतरे थांबवावयास हा कायदा आवश्यक होता. पण सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली तो वैध ठरविताना असेही सुचविले की पक्षादेशाची सक्ती सरकारच्या अस्तित्वाशी किंवा पक्षाच्या प्रमुख धोरणाशी संबंध असलेल्या मतदानापुरतीच असावी. एका न्यायाधीशाने गालिच्यांवर किती पैसा खर्च केला, हा कोणत्या पक्षाच्या धोरणाचा विषय?

आणि येथे एक विलक्षण गोष्ट नमूद करावीशी वाटते. महाभियोगाच्या मतदानानंतर अकरा आठवड्यांनी, २८ जुलै १९९३ रोजी, त्याच लोकसभेत नरसिंह राव सरकारविरुद्धचा अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ मतांनी फेटाळला गेला. त्यात काही सदस्यांनी लाच घेऊन मते दिल्याचे प्रकरण निघाले. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मताधिक्याने ठरविले की लाच घेऊन ज्यांनी मत दिले त्यांस घटनेचे संरक्षण आहे. लाच घेऊन ज्याने मत दिले नाही त्यास मात्र नाही! हा निर्णय ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने फिरविला. सभागृहातील मताचे स्वातंत्र्य म्हणजे ते विकण्याचे स्वातंत्र्य नव्हे, हे ठरावयास तीस वर्षे लागली.

हे सर्व एखाद्या जातीच्या संस्थेच्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर लोकप्रतिनिधित्वाच्या १९५१ सालच्या कायद्यात आहे. त्याच्या १२३ व्या कलमान्वये, मतदारास जातीबाहेर टाकण्याची किंवा वाळीत टाकण्याची धमकी देणे हा निवडणुकीतील भ्रष्टाचार ठरतो. २०१६ साली महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदाही केला. म्हणजे जातीने आपल्या माणसास त्याच्या मतासाठी बाहेर काढणे गुन्हा; पक्षाने आपल्या सदस्यास त्याच्या मतासाठी सभागृहाबाहेर काढणे कायदेशीर. जातपंचायतींच्या जुलमाचा इतिहास पाहता आपणांवर घातलेले बंधन योग्यच आहे. तक्रार करण्याचे कारण नाही. उलट यावरून इतके दिसते की मनुष्यास समूहातून काढण्याचे भय हे किती प्रबळ असते, हे कायदा करणारांस पुरते ठाऊक होते. फक्त ते भय स्वतःच्या दाराशी त्यांनी राहू दिले.

आणि समाजाच्या संस्थांत काय दिसते? निधीचा हिशेब, वसतिगृहातील प्रवेश, कार्यकारिणीची निवड, अशा प्रश्नांवर सर्वसाधारण सभेत हात वर करण्याची वेळ आली की बहुतेक सभांतून निम्मे हात मांडीवरच राहतात. विरोध कोणी करीत नाही, कारण ज्याच्याविरुद्ध बोलावयाचे तो कोणाचा व्याही असतो, कोणाचा मावसभाऊ असतो, आणि मुलीचे लग्न ठरावयाचे असते. मग वृत्तांतात 'ठराव सर्वानुमते संमत' असे लिहिले जाते. जाती नसलेल्या संस्थांतूनही हेच होते. परंतु आपल्याकडे नात्यांची वीण घट्ट असल्याने ते अधिक होते. सर्वानुमते हा शब्द ज्या सभेच्या वृत्तांतात वर्षानुवर्षे येतो, तिच्या हिशेबनिसाने त्या शब्दाखाली हजर किती, हात वर किती, हात खाली किती, हे तीन आकडे लिहून ठेविले तर मोठे काम होईल. लोकसभेने निदान ते लिहून ठेविले, म्हणून आज आपण ते वाचू शकतो.

न्यायमूर्ती रामस्वामी यांच्याविषयी पुढे आणखी एकदा मतदान झाले. १९९९ साली ते अण्णा द्रमुक पक्षातर्फे तामिळनाडूतील शिवकाशी मतदारसंघातून लोकसभेस उभे राहिले, आणि वायको यांनी त्यांचा पराभव केला. त्या निकालामागे त्या प्रांतातील आघाड्यांचे गणित होते. त्यास १९९३ चा न्याय म्हणण्याचे कारण नाही. शिवकाशीच्या मतदारांपुढे चौकशी समितीचा अहवाल नव्हता. तो ज्यांच्यापुढे होता, त्यांतील २०५ जणांनी सहा वर्षांपूर्वी कोणतेही मत दिले नव्हते.